किंडलला रेंजच्या मागे पळवू नका

प्रश्न : मी अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मुक्कामही इथेच. दिवाळीत ई-पुस्तकं वाचायचं जुनं किंडल पेपरव्हाइट (२०१८चं, ८ जीबी) विकत घेतलं. रेंज फक्त शाळेमागच्या चढावर मिळते, तीही एक-दोन दांड्या. फोनचा हॉटस्पॉट किंडलला कधी दिसतो, कधी दिसत नाही. विकत घेतलेली चार पुस्तकं महिनाभर तीन-चार टक्क्यांवर अडकली आहेत. मैत्रिणीने दिलेली ईपब प्रकारच्या फायलींतली पुस्तकं शाळेच्या लॅपटॉपवरून केबलने टाकली, तर किंडल ती दाखवतच नाही. मराठी पीडीएफ मेलच्या विषयात ‘कन्व्हर्ट’ लिहून पाठवली, तर अक्षरांचा काला झाला. बॅटरी आठवडाभरही पुरत नाही. इथे रेंजच नाही म्हटल्यावर विकून टाकू का?

उत्तर : ताई, विकू नका. तुमच्या पत्रात पाच तक्रारी आहेत आणि पाचही तुम्ही रेंजच्या माथी मारल्या आहेत. खरं तर रेंजचा दोष त्यांतल्या एकीतच आहे, आणि तोही अर्धाच.

आधी हॉटस्पॉट. तुमचं २०१८चं पेपरव्हाइट फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतं. आजचे बरेचसे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर तरी सुरू करतात किंवा ‘ऑटो’वर ठेवून मनाला येईल तो बँड उचलतात. फोनने २.४ उचलला की किंडलला नाव दिसतं, ५ उचलला की दिसत नाही. ‘कधी दिसतो, कधी नाही’ हे कोडं एवढंच आहे, टॉवरचा त्याच्याशी संबंध नाही. अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘बँड’ किंवा ‘एपी बँड’ असतं, ते २.४ गिगाहर्ट्झवर कायमचं ठेवा. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर ‘पर्सनल हॉटस्पॉट’मधलं ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करा, काम तेच होतं. तिथेच ‘सिक्युरिटी’ असेल, ती डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करा. हॉटस्पॉटचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, इमोजी-बिमोजी न घालता ठेवा. पासवर्ड आठ-दहा अक्षरांचा आणि फार चिन्हं नसलेला ठेवा, कारण किंडलच्या आळशी कीबोर्डवर तो टाइप करताना एक अक्षर चुकलं की पुन्हा सगळं टाकावं लागतं.

हॉटस्पॉट चालूच होत नसेल तर फोनचा ‘डेटा सेव्हर’ बघा. अँड्रॉइडमध्ये तो चालू असला की हॉटस्पॉट सुरू होत नाही, आणि जेमतेम डेटा असलेल्या माणसाने तो हमखास चालू ठेवलेला असतो. तो बंद करायचा तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं आधी बंद करा. नाहीतर तुम्ही चढावर उभ्या राहून एक पुस्तक उतरवत असताना शिक्षकांच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटोच ती एक दांडी खाऊन टाकतील.

आता अडकलेली चार पुस्तकं. इथे रेंज आहे, पण तिच्या जोडीला दुसरी दोन कारणं आहेत. रोजच्या डेटाचं पॅक असेल तर त्या दिवसाचा कोटा संपल्यावर वेग बहुतेक पॅकमध्ये ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबी यायला दोन मिनिटं लागतात. साधी कादंबरी दोन-तीन एमबीची असते, म्हणजे कागदावर पाच-सहा मिनिटं, आणि चित्रं असतील तर दहा-वीस एमबीही होतात. मधेच दांडी गेली की त्या सहाची वीस होतात. दुसरं कारण किंडलचं स्वतःचं : दहाएक मिनिटं हात लावला नाही की ते झोपतं, थोड्या वेळाने वायफायही बंद करतं. तुम्ही फोन आणि किंडल दगडावर ठेवून गप्पा मारत बसलात की उतरवणं थांबलंच. बऱ्याच फोनचा हॉटस्पॉटही कुणी वापरत नाही असं वाटलं की पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद होतो. ‘टर्न ऑफ हॉटस्पॉट ऑटोमॅटिकली’ हा पर्याय तेवढ्यापुरता बंद करा.

अडकलेल्यांना असं सोडवा. चारही पुस्तकं लायब्ररीत दाबून धरा आणि उतरवणं रद्द करा, रद्द होत नसेल तर ‘रिमूव्ह’ करा. ती तुमच्या खात्यात राहतातच, किंडलवरून फक्त अर्धवट तुकडा जातो. मग पॉवरचं बटण ४० सेकंद दाबून धरा. मधे पर्यायांची चौकट आली तरी सोडू नका, स्क्रीन कोरी होऊन किंडल पुन्हा सुरू होईपर्यंत धरा. नंतर एकच पुस्तक निवडा, चारांतलं सगळ्यात लहान. ते पूर्ण येईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. चार एकदम लावली की आधीच बारीक असलेल्या धारेला चार फाटे फुटतात आणि एकही भांडं भरत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी स्क्रीनला बोट लावत राहा. दुसरं एखादं पुस्तक उघडून पानं उलटत बसलात तरी चालेल.

फोनच अडला असेल, म्हणजे दांडी दिसते पण काही येत नाही, तर फोनचा एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद करा. तो टॉवर नव्याने पकडतो. आणि वेळ साधा. रोजच्या पॅकचा कोटा रात्री बारानंतर नवा होतो. मध्यरात्री चढावर जा असं सांगत नाही, पण सकाळी सहा-साडेसहाला कोटाही भरलेला असतो आणि टॉवरवर गर्दीही कमी असते. संध्याकाळी सात ते दहा सगळ्यात वाईट.

किंडलवरचं दुकान कधीच उघडू नका. प्रत्येक पानावर वीस-वीस मुखपृष्ठं असतात, ती यायलाच तुमचा कोटा आणि धीर दोन्ही संपतील. पुस्तक फोनच्या ब्राउझरवरून विकत घ्या, ‘डिलिव्हर टू’मध्ये तुमचं पेपरव्हाइट निवडा, मग चढावर गेलात की किंडलमध्ये फक्त ‘सिंक’ दाबा. अँड्रॉइडच्या किंडल अ‍ॅपमध्ये खरेदीचं बटण शोधत बसू नका, अ‍ॅपमधून पुस्तक विकत घेता येत नाही.

तरीही खरेदीची पुस्तकं उतरवायला चढ ही जागाच नव्हे. धडगावला बाजाराला किंवा केंद्रशाळेच्या बैठकीला जाल तेव्हा किंडल पिशवीत टाका. तिथल्या दहा मिनिटांत महिन्याची पुस्तकं येतील. ग्रामपंचायतीत किंवा एखाद्या दुकानात पीएम-वाणी या सरकारी योजनेचं वायफाय असेल, किंवा नंदुरबारला स्टेशनवर रेलटेलचं मिळालं (रोजची पहिली ३० मिनिटं मोफत असतात), तर एक अडचण येईल : ही वायफाय ब्राउझरमध्ये मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात. किंडलचा ब्राउझर ते पान उघडताना गांगरतो. त्यापेक्षा फोनवर लॉगिन करा आणि तेच वायफाय फोनमधून पुढे हॉटस्पॉटने द्या. काही फोन वायफाय आणि हॉटस्पॉट एकाच वेळी चालवतात, तुमचा चालवतो का ते घरीच तपासून ठेवा. आणि अशा चांगल्या नेटवर गेलात की एक धोका : किंडल स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट उतरवायला घेतं. ते दोन-तीनशे एमबीचं, कधी त्याहून मोठं असतं. फोनच्या दिवसाच्या दीड जीबीतून ते गेलं तर कळणारही नाही. पुस्तकं आली की लगेच एअरप्लेन मोड.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. तुमच्याकडे दोन जातींची पुस्तकं आहेत. एक, अ‍ॅमेझॉनवरून विकत घेतलेली. ती किंडलने स्वतः वायफायवरूनच उतरवावी लागतात. पूर्वी ती संगणकावर उतरवून केबलने टाकता येत, ती सोय २६ फेब्रुवारी २०२५पासून बंद झाली आहे. जुने व्हिडिओ अजून तोच उपाय सांगतात, त्यात वेळ घालवू नका. दुसरी जात म्हणजे तुमच्या स्वतःच्या फायली. त्यांना किंडलवर नेटची गरज शून्य. फाइल फोनवर येऊ द्या : फोन अर्धवट राहिलेलं उतरवणं पुन्हा जोडून घेतो, रात्रभर खिडकीत पडून राहिला तरी चालतो. फोनवरून किंडलवर ती केबलने जाते. पाड्यावर राहणाऱ्या वाचकाने रोजचं वाचन या दुसऱ्या जातीवर ठेवावं आणि खरेदी महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग मैत्रिणीची ईपब का दिसली नाहीत? केबल ठीक होती, फायलीही पोचल्या असणार. पण किंडल ईपब थेट वाचत नाही. ‘सेंड टू किंडल’ने (मेल वगैरेने फाइल किंडलला पाठवायची अ‍ॅमेझॉनची सोय) पाठवलं की ते चालतं, कारण मधे अ‍ॅमेझॉनचा सर्व्हर त्याचं रूपांतर करतो. केबलच्या वाटेवर तो सर्व्हर नसतो. रूपांतर तुम्हालाच करायचं आहे, आणि त्यासाठी कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने ते २००६मध्ये सुरू केलं. दीड-दोनशे एमबीची फाइल आहे, ती धडगावला उतरवून पेनड्राइव्हवर आणा. एकदा लॅपटॉपवर बसलं की पुढे नेट लागत नाही. ‘अ‍ॅड बुक्स’ने ईपब आत घ्या, ‘कन्व्हर्ट बुक्स’ दाबा, चौकटीच्या वर उजवीकडे ‘आउटपुट फॉरमॅट’मध्ये एझेडडब्ल्यू३ (किंडलला थेट वाचता येणारा फाइल प्रकार) निवडा, ‘ओके’. किंडल जोडलेलं असेल तर ‘सेंड टू डिव्हाइस’. शेवटी ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल ओढू नका, अर्धवट लिहिलेली फाइल पुढे बॅटरी खाते. ते खाली येईलच.

लॅपटॉपला किंडल दिसतच नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा केबल फक्त चार्जिंगची असते. तिच्यात डेटाच्या दोन तारा नसतात. बाजारात वीस-तीस रुपयांना मिळणारी ती हीच. खात्री करायची तर त्याच केबलने जुना फोन लॅपटॉपला लावून बघा : फक्त चार्ज होत असेल तर दुसरी घ्या.

शाळेचा लॅपटॉप नेहमी हाताशी नसणार. तुमचं पेपरव्हाइट संगणकाला पेनड्राइव्हसारखं दिसतं, म्हणून ते फोनलाही जोडता येतं. (२०२४पासूनच्या किंडलची जोडणी वेगळ्या पद्धतीची आहे, त्यांच्या बाबतीत हे सरळ चालेलच असं नाही.) फोनमध्ये ओटीजीचा (फोनला दुसरं यूएसबी उपकरण जोडायचा) छोटा अडॅप्टर, त्याला डेटा असलेली मायक्रो यूएसबी केबल, तिचं दुसरं टोक किंडलमध्ये. किंडलवर ‘यूएसबी ड्राइव्ह मोड’ आलं की जमलं. ओपो, रियलमी, वनप्लस अशा फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी कनेक्शन’ हाताने चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं न वापरल्यास ते आपोआप बंद होतं. फोनला किंडल दिसलं नाही तर आधी तिथेच बघा. फाइल मॅनेजरमध्ये किंडल उघडा, ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये पुस्तक चिकटवा, फोनच्या सूचनेतून ‘इजेक्ट’ करा, केबल काढा. पाच मिनिटांचं काम.

फोनवर कॅलिबर नाही, मग ईपबचं काय? मराठी विकिस्रोतावर पुस्तक उतरवताना ईपबशिवाय मोबी या किंडलच्या जुन्या फाइल प्रकाराचाही पर्याय मिळतो, आणि मोबी केबलने टाकलं की तुमचं किंडल थेट उघडतं. (‘सेंड टू किंडल’ने मात्र मोबी पाठवता येत नाही. केबलला चालतं ते मेलला नाही, मेलला चालतं ते केबलला नाही, असा हा मामला आहे.) आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं. साने गुरुजी, हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी हे सगळे कधीच खुले झाले आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर आणि ई-साहित्य प्रतिष्ठानकडे मोफत पुस्तकं आहेत, पण ती बहुतेक पीडीएफ. मुलांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, फक्त तिथली रंगीत चित्रं किंडलवर राखाडी दिसतील.

मराठी अक्षरं नीट दिसतात का, हे एकाच लहान पुस्तकावर आधी तपासा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र, ‘क्ष’, ‘ट्ठ’, ‘र्द्ध’ अशा जागा बघा. मोबीत जोडाक्षरं सुटी पडत असतील तर तेच पुस्तक लॅपटॉपवर एझेडडब्ल्यू३ करून टाका. किंडलचा मराठी टाइप बारीक किंवा फिका वाटत असेल तर मुक्त मिळणारा ‘मुक्त’ हा फॉन्ट (मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला) उतरवा आणि त्यातल्या रेग्युलर व बोल्ड या दोन टीटीएफ फायली किंडलच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये टाका. पुस्तक उघडून ‘एए’ चिन्हातून तो निवडा. फोल्डरच नसेल तर किंडलचं सॉफ्टवेअर जुनं आहे. अपडेटची फाइल अ‍ॅमेझॉनच्या मदतपानावरून दुसरीकडे उतरवून केबलने किंडलच्या अगदी बाहेरच्या, म्हणजे कुठल्याही फोल्डरमध्ये नसलेल्या जागेत ठेवायची आणि सेटिंग्जमधून ‘अपडेट युअर किंडल’ दाबायचं. त्याआधी चार्ज भरपूर असू द्या.

पीडीएफचा काला हे मात्र वेगळंच दुखणं आहे. आपल्याकडची पुष्कळ मराठी पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी वगैरेमध्ये, जुळवलेली आहेत. पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं रोमन आणि चिन्हांची असतात. ‘कन्व्हर्ट’ म्हटलं की अ‍ॅमेझॉनचा सर्व्हर ती आतली अक्षरं बाहेर काढतो. ओळखायची खूण सोपी : फोनवर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर रूपांतर होईल. चित्रविचित्र रोमन उमटलं तर कुठलंही सॉफ्टवेअर सरळ रूपांतर करणार नाही. आणि काहीच निवडता आलं नाही तर ते स्कॅन आहे.

शेवटच्या दोन्हींसाठी पीडीएफ तशीच ठेवा, फक्त आडवी वाचा. हिशोब असा : तुमची स्क्रीन साधारण ९१ बाय १२२ मिलिमीटर. ए४ पान २१० रुंद. उभ्या स्क्रीनवर बारा पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं, मुंगीएवढं. आडवं केलं की सात. पानाच्या दोन्ही बाजूंचा कोरा समास कापला तर नऊ, आणि नऊ वाचता येतं. समास कापायला लॅपटॉपवर ब्रिस हे छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. स्कॅन केलेल्या पुस्तकांना के२पीडीएफऑप्ट जास्त बरं. ते अक्षर ओळखायच्या भानगडीत पडत नाही, शब्दांमधली पांढरी जागा बघून शब्द चित्रासारखे कापतं आणि लहान पानावर नव्याने मांडतं. म्हणून मराठीलाही चालतं. फाइल मात्र फुगते, पण तुमच्याकडे आठ जीबी आहे आणि ही फाइल केबलने जायची आहे, तेव्हा फिकीर नाही. ए५ आकाराची पुस्तकं नुसती आडवी केली तरी दहा पॉइंटच्या जवळ जातात.

बॅटरी. सहा आठवड्यांचा दावा रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि प्रकाश १३वर, या अटींवर आहे. म्हणजे एकूण २१ तास. तुम्ही रोज दोन तास वाचत असाल तर दहा-अकरा दिवस हेच त्याचं खरं आयुष्य, तेही बॅटरी नवी असताना. तुमच्याकडे वायफाय चालू राहतं आणि न सापडणारं नेटवर्क शोधत बसतं, त्यात चार्ज जातो. एअरप्लेन मोड हीच किंडलची नेहमीची अवस्था ठेवा. दुसरं, पुस्तकं टाकल्यावर किंडल प्रत्येकाची शब्दसूची बनवतं. एकदम शंभर-दोनशे टाकली तर ती रात्र किंडलला चार्जरवर काढू द्या. एखादी फाइल अर्धवट असेल तर सूची कधी पूर्णच होत नाही आणि बॅटरी दिवसात उतरते. शोधाच्या चौकटीत ‘झझझ’सारखं काहीही टाकून पुस्तकांच्या मजकुरात शोधा. सूची न झालेली पुस्तकं तिथे कळतात. दुसऱ्या दिवशीही तेच नाव दिसलं तर ते पुस्तक काढा आणि पुन्हा टाका.

बॅटरी पूर्ण शून्यावर गेली तर घड्याळही चुकू शकतं. तारीख चुकीची असली की वायफाय जोडलं जाऊनही अ‍ॅमेझॉनशी जोडणी होत नाही, आणि माणूस पुन्हा रेंजला शिव्या देतो. ‘डिव्हाइस ऑप्शन्स’मध्ये वेळ तपासा.

एक राहिलं. कुणीतरी तुम्हाला ‘फॅक्टरी रीसेट मारा, सगळं नीट होईल’ असं सांगणारच. पाड्यावर बसून ते करू नका. रीसेट केलं की किंडल कोरं होतं, खात्याला जोडायला आधी नेट लागतं, मग प्रत्येक विकत घेतलेलं पुस्तक नव्याने उतरवावं लागतं. करायचंच झालं तर धडगावला, चांगल्या नेटवर, आणि त्याआधी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमधल्या तुमच्या स्वतःच्या फायली लॅपटॉपवर उतरवून ठेवून.